घोरणं कमी झालं, हे सांगणार कोण?

परवा कॅन्टीनमध्ये एक ज्युनिअर तिच्या सिनॉप्सिसचा कच्चा खर्डा घेऊन आली. फिजिओथेरपीची आहे, पेट पास झाली आहे, पुढच्या महिन्यात समितीसमोर विषय मांडायचा आहे. विषय मला आवडला. भ्रामरी प्राणायामाने घोरणं कमी होतं का? पद्धत अशी: घोरणारे ४० लोक घ्यायचे, महिनाभर त्यांच्याकडून रोज भ्रामरी करून घ्यायची, आणि सुरुवातीला व शेवटी त्यांच्या जोडीदाराला विचारायचं, की यांच्या घोरण्याला १० पैकी किती मार्क द्याल? मार्क उतरले की उपाय लागू पडला.

मी विचारलं, "घोरणं कमी झालं, हे तुला सांगणार कोण?"

"ताई, लिहिलंय की. जोडीदार."

या एका शब्दावर आमचे दोन-दोन चहा झाले. त्या चहाचीच ही पोस्ट. तुम्ही पेटची तयारी करत असाल, विषय शोधत असाल, आणि तुमचा झोपेशी काडीचाही संबंध नसेल, तरी वाचा. हीच अडचण तुमच्याही विषयात वेगळं नाव घेऊन बसलेली असणार.

आधी माझं काम सांगते. झोपेतल्या श्वासाचे आवाज रेकॉर्ड करायचे आणि त्या आवाजांतून काय कळतं ते शोधायचं, हा माझा पीएचडीचा विषय. म्हणजे चौथं वर्ष चालू आहे आणि मी रोज चार-पाच तास हेडफोन लावून अनोळखी माणसांचं घोरणं ऐकते. लग्नाच्या स्थळांना हे सांगावं की नाही, यावर घरात दोन तट आहेत.

तर, घोरणं म्हणजे होतं काय? झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात. उताणं झोपलेलं असलो तर जीभही मागे सरकते. वाट अरुंद होते. अरुंद वाटेतून तेवढीच हवा जायची तर तिचा वेग वाढतो, आणि वेग वाढला की आतला दाब घटतो, त्यामुळे घशाच्या मऊ भिंती आणखी आत ओढल्या जातात. मग मऊ टाळू, पडजीभ, कधी जिभेचं मूळ थरथरायला लागतं. पिंपळाच्या पानाची पिपाणी वाजवली असेल तर कळेल, पान सैल हवं आणि फट बारीक हवी. दारू प्यायली की स्नायू जास्त सैल पडतात, सर्दीत नाक चोंदतं, वजन वाढलं की गळ्याभोवती चरबी साठते. म्हणून शनिवारचं घोरणं आणि सोमवारचं घोरणं एकाच माणसाचं असूनही वेगळं असतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता जोडीदाराकडे येऊ. घोरणाऱ्या माणसाला स्वतःचं घोरणं ऐकू येत नाही, कारण तो झोपलेला असतो. दुखण्याचा रोगी आपलं दुखणं सांगतो; इथे रोगी एक आणि तक्रार दुसऱ्याची. आणि त्या दुसऱ्याचा कानही काही यंत्र नाही. वीस वर्षं शेजारी झोपलेल्या बाईला ते घोरणं पंख्याइतकं सवयीचं झालेलं असतं. नव्या सुनेला तेच घोरणं भिंतीपलीकडूनही सहन होत नाही. जोडीदार स्वतः गाढ झोपणारा असेल तर मार्क कमी, नवऱ्याशी भांडण झालेलं असेल तर मार्क जास्त. टोरंटोचे व्हिक्टर हॉफस्टाइन यांनी सहकाऱ्यांसोबत नव्वदच्या दशकात हा प्रश्न हातात घेतला होता. यंत्राने मोजलेलं घोरणं आणि माणसांनी कानाने ठरवलेलं घोरणं यांचा मेळ बसतो का, हे त्यांनी तपासलं. मेळ फारसा बसत नाही, असं दिसलं.

"मग मी मोबाईलवर रेकॉर्ड करते," ज्युनिअर म्हणाली. "डेसिबल मोजते."

इथे माझ्या चार वर्षांच्या जखमा आहेत, म्हणून थोडं रेंगाळते.

मोबाईल उशीजवळ ठेवला की एक आकडा येतो, कपाटावर ठेवला की दुसरा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. खोलीत भिंती आवाज परत फेकतात, त्यामुळे हा हिशेबही सरळ लागत नाही. आधीचं रेकॉर्डिंग करताना मोबाईल हातभर लांब होता आणि नंतरचं करताना दोन हात लांब, एवढ्यानेच तुमचा उपाय यशस्वी! मोबाईलचं काम मुळात बोलणं ऐकवण्याचं. त्यामुळे बरेचसे मोबाईल लहान आवाज वाढवतात, मोठा दाबतात आणि एकसुरी घरघर हा गोंगाट समजून पुसून टाकतात. नेमकं आपल्याला हवं असलेलंच जातं. वर आपला छताचा पंखा. झोपेच्या आवाजांचे बरेच प्रोग्रॅम शांत प्रयोगशाळेतल्या रेकॉर्डिंगवर शिकवलेले असतात. त्यांना पंखा, कुलरची घरघर, गल्लीतली कुत्री आणि पहाटे पाचला स्टँडवरून सुटणारी एसटी यातलं काही माहीत नसतं. पहिल्या वर्षी माझ्या प्रोग्रॅमने एका रात्रीत एका गृहस्थांचं घोरणं चारपट दाखवलं. ऐकलं तर शेजारच्या खाटेवर त्यांचे भाऊ झोपले होते. एका खोलीत चार माणसं झोपतात हे परदेशी पेपरमध्ये कुठे लिहिलेलं नसतं, त्यामुळे मलाही सुचलं नव्हतं.

बरं, समजा हे सगळं सांभाळलं. मोबाईलची जागा खडूने आखली, खोलीत एकच माणूस ठेवला. तरी एक चोर शिल्लक राहतो.

घोरण्यावर उपाय करायला माणूस येतो कधी? ज्या आठवड्यात कहर झाला त्या आठवड्यात. सर्दी झालेली असते, लग्नसराईचं खाणंपिणं झालेलं असतं, बायको उशी उचलून बाहेरच्या खोलीत गेलेली असते. तेव्हा तुम्ही त्याचं नाव नोंदवता आणि पहिलं मोजमाप घेता. महिन्याभराने सर्दी गेलेली असते. तुम्ही काहीच केलं नसतं तरी दुसरं मोजमाप पहिल्यापेक्षा बरं आलं असतं. सरासरीकडे परतणं म्हणतात ते हेच. शनिवार-सोमवारचं वाक्य आठवलं? जी गोष्ट रोज वर-खाली होते आणि जिच्या वरच्या टोकाला तुम्ही माणसं गोळा करता, तिथे हा चोर हटकून असतो. घरगुती उपायांची एवढी ख्याती का असते, याचंही बरंचसं उत्तर इथे आहे. नाकात तुपाचे दोन थेंब, झोपताना गरम पाणी, डावी कुशी: ज्याने ज्या रात्री सुरू केलं, ती त्याची सर्वांत वाईट रात्र होती. यातलं काही खरंच उपयोगी असेलही. कुशीवर झोपण्यामागे तर सरळ कारण आहे, जीभ मागे पडत नाही. पण "मला गुण आला" एवढ्यावरून ते ठरत नाही.

चोर पकडायचा तर तुलनेला दुसरा गट लागतो. तो कसा असावा, हे घोरण्याच्या संशोधनात फार छान शिकायला मिळतं.

डिजरीडू, शंख आणि नाकावरची पट्टी

डिजरीडू हे ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांचं लांब नळीसारखं वाद्य. गाल फुगवून, श्वास न तोडता वाजवायचं. स्वित्झर्लंडमधल्या एका डिजरीडू शिक्षकाला, आलेक्स सुआरेझ यांना, जाणवलं की वाजवायला लागल्यापासून आपलं घोरणं आणि दिवसाची पेंग कमी झाली आहे. झुरिचच्या संशोधकांनी ही गोष्ट हसण्यावारी नेली नाही. त्यांनी घोरण्याची तक्रार असलेले आणि झोपेत श्वास अडणारे २५ रुग्ण घेतले, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले आणि १४ जणांना चार महिने वाद्य शिकवलं. बाकीचे ११ जण प्रतीक्षा यादीत. वाजवणाऱ्यांची दिवसाची पेंग कमी झाली, श्वास अडण्याचं प्रमाण उतरलं, जोडीदारांची झोपमोडही कमी झाली. २००६ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हा पेपर आला आणि २०१७ मध्ये त्याला शांततेचं इग नोबेल मिळालं. शेजाऱ्यांना विचारलं होतं की नाही, कोण जाणे.

पेपर मजेशीर आहे आणि प्रामाणिकही आहे. पण तुम्ही संशोधक होणार आहात, म्हणून दुसऱ्या गटाकडे बघा. ११ जण नुसते थांबले होते. आपल्याला काही मिळालेलं नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. वाजवणारे मात्र रोज सरासरी २५ मिनिटं मेहनत घेत होते, शिक्षकाला भेटत होते. मेहनत घेतलेला माणूस "काही फरक नाही" असं सहज म्हणत नाही. त्याची बायकोही म्हणत नाही. मग फरक वाद्याचा किती आणि आशेचा किती?

२०२५ मध्ये जयपूरच्या डॉक्टरांनी हाच प्रयोग शंखावर केला. झोपेत श्वास अडणारे ३० जण. काहींना शंख फुंकायला शिकवलं, इतरांना दीर्घ श्वसनाचा सराव दिला. म्हणजे दुसऱ्या गटालाही काहीतरी करायला होतं आणि वेळ द्यायला लागत होता. सहा महिन्यांनी शंखवाल्यांची पेंग साधारण एक तृतीयांशाने उतरली होती आणि तासाला चार-पाच अडथळे कमी झाले होते. अभ्यास लहान आहे, शंख फुंकणाऱ्याला आपण शंख फुंकतोय हे कळतंच, पण तुलना डिजरीडूपेक्षा एक पायरी वर गेली. ज्युनिअरला मी हाच पेपर आधी वाचायला दिला, कारण भ्रामरीला सर्वांत जवळचा तोच.

ब्राझीलमधल्या साओ पाउलोच्या गटाची युक्ती मला सर्वांत आवडते. जिभेच्या, टाळूच्या आणि गालांच्या व्यायामांवर त्यांचं बरंच काम आहे. २०१५ च्या त्यांच्या अभ्यासात ३९ जण होते. एका गटाला तोंडा-घशाचे व्यायाम, दुसऱ्या गटाला श्वसनाचे व्यायाम आणि नाकावर लावायची ती चिकटपट्टी. हो, औषधाच्या दुकानात घोरण्यावरचा उपाय म्हणून मिळते तीच. तीन महिन्यांनी यंत्राने मोजलेलं घोरणं व्यायामाच्या गटात बरंच उतरलं, पट्टीच्या गटात नाही. एकाने पैसे घेऊन विकलेला उपाय दुसऱ्याने खोटं औषध म्हणून वापरला! त्याआधी २००४ मध्ये अमेरिकेत अशीच पट्टी, घशात मारायचा तेलाचा फवारा आणि खास उशी या तिन्हींची ४० घोरणाऱ्यांवर परीक्षा झाली होती. आवाजाच्या विश्लेषणातही आणि ऐकणाऱ्यांच्या मतातही उल्लेखनीय फायदा सापडला नाही.

मग प्रत्येक वेळी दुसरा गट लागतोच का? नाही. १९८१ चा 'लॅन्सेट'मधला सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांचा पेपर जरूर काढून वाचा. झोपेत घसा पूर्ण मिटून श्वास अडणाऱ्या रुग्णांना तोवर खात्रीचा उपाय म्हणजे गळ्याला भोक पाडणं. सुलिव्हन यांनी नाकावर मास्क लावून हलक्या दाबाची हवा सतत आत सोडली, म्हणजे घसा आतून फुग्यासारखा उघडा राहील. सुरुवातीच्या यंत्रांना व्हॅक्यूम क्लीनरची मोटर होती. रुग्ण पाच. तुलनेचा गट नाही. तरी जगाने मानलं, कारण हवा चालू केली की त्या क्षणी श्वास सुरळीत आणि बंद केली की पुन्हा अडलेला. एकाच रात्री, एकाच माणसात. परिणाम इतका ढळढळीत असेल आणि बटणासारखा चालू-बंद करता येत असेल, तर पाच माणसं पुरतात. तुमच्या उपायाचा परिणाम तसा आहे का, हे स्वतःला खरं खरं विचारा. बहुतेकांचा नसतो. त्या यंत्राला आज सीपॅप म्हणतात.

मामांचा पट्टा

आता खरा मुद्दा. तो मला पेपरमधून कळला नाही, घरातून कळला.

माझे मामा आयशर चालवतात. पिंपळगाव बसवंतहून रात्री टोमॅटो किंवा भाजी भरायची, कसारा घाट उतरून पहाटेपर्यंत वाशी मार्केट गाठायचं, दिवसा केबिनमध्येच झोपायचं आणि परत. त्यांचं घोरणं हा आमच्या घरातला जुना विनोद. लग्नकार्यात मामांची गादी कुठे टाकायची यावर बैठका होतात. दोन वर्षांपूर्वी मामेभावाने ऑनलाइन एक पट्टा मागवला, डोक्यावरून हनुवटीखाली बांधायचा, तोंड मिटलेलं राहावं म्हणून. महिन्याने मामी फोनवर म्हणाली, "अगं, निम्म्याने कमी झालंय बघ. तुझ्या त्या कॉम्प्युटरला पण दाखव."

मामेभावाने पट्ट्याआधीच्या तीन आणि नंतरच्या तीन रात्री रेकॉर्ड करून पाठवल्या. खाट तीच, स्टूल तेच, मोबाईल तोच. मी फाइली प्रोग्रॅममध्ये टाकल्या. मामी म्हणत होती ते खरं निघालं: आवाजाची सरासरी पातळी उतरली होती, घोरण्याची एकूण मिनिटंही घटली होती. मी आलेख काढून घरच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी अंगठे दाखवले.

दोन दिवसांनी दुसऱ्याच कामासाठी त्या फाइली उघडल्या आणि हेडफोन लावून ऐकल्या. घोरणं, घोरणं, मग शांतता. मला वाटलं कुस बदलली असेल. शांतता लांबली. मी घड्याळ लावलं: २८ सेकंद. मग बुडालेला माणूस वर यावा तसा एक मोठा हुंदका, दोन-चार जोरकस श्वास, आणि पुन्हा घोरणं. पुढची शांतता ३४ सेकंदांची. असं रात्रभर. आधीच्या रात्रींतही आणि पट्ट्याच्या रात्रींतही.

त्या शांततेला माझ्या प्रोग्रॅमने 'घोरणं नाही' असं लेबल लावलं होतं. श्वास जितका जास्त वेळ बंद, तितके गुण चांगले. मामा उरलेली रात्रभर श्वास घेतलाच नसता, तर माझ्या आलेखात ते पूर्ण बरे झाले असते.

ज्युनिअरला हे सांगितल्यावर तिने पेन खाली ठेवलं.

झोपेत घसा मिटून श्वास किमान १० सेकंद थांबतो, त्याला ॲप्निया म्हणतात. पूर्ण थांबला नाही पण बराच कमी झाला आणि रक्तातला ऑक्सिजन उतरला किंवा झोप मोडली, तर हायपोप्निया. तासाला असे किती अडथळे येतात तो आकडा म्हणजे एएचआय. ५ च्या आत ठीक, ५ ते १५ सौम्य, ३० च्या पुढे तीव्र. (ऑक्सिजन ३ टक्के उतरला की मोजायचं की ४ टक्के, यावर नियम वेगवेगळे आहेत, आणि नुसता तो नियम बदलला की तीच माणसं रोगी किंवा निरोगी ठरतात. दोन पेपरांची तुलना करण्याआधी पद्धतीचा परिच्छेद वाचायचा तो यासाठी.) नुसतं घोरणारी माणसं खूप असतात आणि त्यांतल्या पुष्कळांना ॲप्निया नसतो. मुंबईच्या हिंदुजा हॉस्पिटलमधले डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ३५ ते ६५ वयाच्या शहरी पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता, त्यात २५० जणांच्या घरी रात्रभराची तपासणी झाली. नेहमी घोरणारे साधारण चारात एक, एएचआय ५ किंवा जास्त असलेले १९.५ टक्के, आणि त्यासोबत दिवसा पेंग येणारे ७.५ टक्के असा अंदाज निघाला. घोरणं, श्वास अडणं आणि दिवसाची पेंग, ही तीन वेगळी वर्तुळं आहेत. काही भाग एकमेकांवर येतो, सगळा नाही.

म्हणून "घोरण्यावर उपाय" या दोन शब्दांत तीन वेगळे प्रबंध दडलेले आहेत. शेजाऱ्याची झोपमोड थांबवायची आहे? मग आवाज मोजा आणि शेजाऱ्याला विचारा, ते अगदी रास्त आहे. नुसत्या घोरण्यासाठी खालचा जबडा पुढे धरून ठेवणारी दाताची कवळीसारखी पट्टी डॉक्टर सुचवतात, ती याच कामाची. श्वास अडणं थांबवायचं आहे? मग आवाज पुरत नाही, ऑक्सिजन आणि छातीची हालचाल बघावी लागते. टाळूच्या शस्त्रक्रियेनंतर आवाज गेला आणि श्वास अडणं तसंच राहिलं, असे रुग्ण डॉक्टरांना माहीत असतात. घरचे निर्धास्त होतात आणि धोक्याची घंटा तेवढी बंद झालेली असते. तोंडावर चिकटपट्टी लावून झोपण्याची सध्याची लाट बघून मला म्हणूनच धास्ती वाटते. आणि घाटात डुलकी लागू नये, हे हवं असेल तर?

तर पेंग मोजायला हवी, आणि तिथे पुन्हा तोच प्रश्न: सांगणार कोण? मेलबर्नच्या मरी जॉन्स यांनी १९९१ मध्ये बनवलेली एपवर्थ प्रश्नावली जगभर वापरतात. आठ प्रसंग, प्रत्येकाला ० ते ३ गुण: वाचताना डुलकी लागण्याची शक्यता किती, टीव्ही बघताना किती, जेवणानंतर निवांत बसल्यावर किती, गाडी रहदारीत थांबलेली असताना किती. मी मामांना ती भरायला दिली. एकूण आले ४. "छत्तीस वर्षं स्टिअरिंग धरतोय, मला झोप येईल?" मग त्यांच्याबद्दल तीच मामीने भरली. आले १५. मामा खोटं बोलत नव्हते, असं मला अजूनही वाटतं. ज्याचं पोट गाडी चालवण्यावर आहे, त्याला "गाडीत झोप येते का" हा प्रश्न तब्येतीचा वाटत नाही, लायसन्सचा वाटतो. तुम्ही कामगारांवर, ड्रायव्हरवर, शिक्षकांवर प्रश्नावली चालवणार असाल, तर खरं उत्तर दिल्याने त्यांचं काय जाऊ शकतं, हे आधी वहीत लिहा.

मामांची रात्रभराची तपासणी झाली. एएचआय ४१. डॉक्टरांनी सीपॅप लिहून दिलं. किंमत मामांनी टायरच्या हिशेबात मोजली, मग घेतलं.

आणि इथे संशोधनातली आणखी एक गाठ आहे. यंत्र लावलेलं असताना सीपॅप काम करतं, याबद्दल वाद नाही. पण २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सेव्ह' या चाचणीत, भारतासह सात देशांतल्या, हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार आधीच असलेल्या २,७१७ रुग्णांना जवळपास पावणेचार वर्षं बघितलं, तेव्हा सीपॅप दिलेल्या गटात हृदयविकार आणि पक्षाघात कमी झालेले दिसले नाहीत. घोरणं, पेंग आणि मनःस्थिती मात्र सुधारली. मथळे आले, सीपॅप निकामी. आतला आकडा कमी लोकांनी वाचला: रुग्ण यंत्र लावत होते रात्रीचे सरासरी ३.३ तास. शिवाय दिवसा फारच पेंग येणाऱ्यांना या चाचणीत घेतलंच नव्हतं, कारण अशा माणसाला उपचाराविना ठेवणं योग्य नाही. म्हणजे मामांसारख्या माणसाबद्दल त्या निष्कर्षातून काही उचलायचं, तर जपून.

ज्युनिअरचा नवा खर्डा काल आला. भ्रामरी आहेच. तुलनेला गुंजारव न करता तेवढाच वेळ संथ श्वसन, गट सोडतीने, सुरुवातीला आणि शेवटी दोन-दोन रात्री घरी ऑक्सिजनसह तपासणी, आणि निकाल वाचणाऱ्याला कोण कुठल्या गटातलं ते माहीत नसेल. जोडीदाराचे मार्क तिने काढले नाहीत, दुसऱ्या क्रमांकावर ठेवले. बरोबर केलं. गाईड म्हणाले की एवढ्यात माणसं ४० होणार नाहीत, २४ वर ये. त्यावर त्यांची खडाजंगी चालू आहे.

मामांचं यंत्र वापराचे तास कार्डावर लिहून ठेवतं. परवा नाशिकला गेले होते तेव्हा कार्ड लॅपटॉपला लावलं. घरच्या रात्रींना सहा-सहा तास. गाडीच्या दिवसांना शून्य, कारण वाशीत केबिनमध्ये प्लग नाही. मामेभाऊ ते गाडीच्या बॅटरीवर चालवता येईल का, याच्या मागे आहे. मी आलेख दाखवत होते, तेवढ्यात मामी चहा घेऊन आली. म्हणाली, "आता काही आवाजच येत नाही गं. मी रात्री दोनदा उठून बघते, श्वास चालू आहे ना."